काढा कोणता आणि कोणासाठी?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले भाषण)



‘आयुर्वेद आणि वनस्पतींचा चहा’ या विषयावर चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले, तेव्हा मी म्हटले, “अहो, मी वैद्य नव्हे.” त्या म्हणाल्या, “वैद्यांची व्याख्याने आम्ही ऐकली आहेत. तुम्ही दुकानातले सांगा.” तेव्हा दुकानातलेच सांगते. बाजारपेठेत आमचे काष्ठौषधींचे दुकान आहे हे आपणांपैकी पुष्कळजणींना ठाऊक आहे. लग्न होऊन या गावी आले त्याच्या पुढल्या वर्षापासून मी तेथे बसते. मामंजींकडे वैद्यांच्या चिठ्ठ्या येत. त्या वाचून पुड्या बांधता बांधता आणि मामंजींचे बोलणे ऐकता ऐकता माझे जे काय शिक्षण झाले तेवढेच.

दुकानात रोज निदान चार-पाच बाया येतात आणि म्हणतात, “काढ्याचे सामान द्या.” मी विचारते, “कोणासाठी?” उत्तर ठरलेले, “घरात सगळ्यांसाठी.” आता घरात कोण कोण? सासूबाई सत्तरीच्या, पोट साफ होत नाही, सांधे धरलेले, रात्री झोप नाही. यजमानांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू. मुलगी परीक्षेच्या जागरणाने तोंड येऊन बसलेली. धाकट्याचे नाक सारखे वाहते आहे. आणि बाई स्वतः पन्नाशीला टेकलेली; मधेच अंगाची आग होते, घाम फुटतो, जेवल्यावर छातीत जळजळते. या पाचजणांना एकाच पातेल्यातले, सुंठ-मिरी-दालचिनी-तुळशीचे तेच ते पाणी! त्यातले धाकट्याला मानवेल. सासूबाईंनाही मिरी कमी करून, थोडा गूळ आणि चमचाभर तूप घालून दिले तर चालेल. मुलीचे तोंड मात्र त्याने आणखी सोलवटेल, आणि बाईची जळजळ वाढेल. पण बाई काही बोलणार नाही. उरलेला काढा टाकवत नाही म्हणून तोही तीच पिते!

मला आज जे बोलावयाचे आहे ते या पातेल्याविषयी.

वनस्पतींचा चहा ही काही नवी टूम नव्हे. हल्ली त्याला ‘हर्बल टी’ म्हणतात आणि सुबक डब्यात घालून विकतात इतकेच. आपल्या परसात मोरीच्या पाण्यावर गवती चहाचे बेट वाढतच असे. पावसाची झड लागली की चार पाती खुडून, आल्याचा तुकडा ठेचून चहात टाकीत. गोव्याकडे आणि कारवारकडे धने-जिऱ्याचा कषाय गूळ-दूध घालून घेतात, तो तर आजही चालू आहे. खरा चहा आपल्याकडे मागाहून आला. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांसारख्या मंडळींवर ग्रामण्याचा प्रसंग गुदरला होता, आणि आज पाहुण्याला चहा विचारला नाही तर तो रुसून जातो. असो.

डब्यातल्या या नव्या चहांवर कधी कधी ‘वात’, ‘पित्त’, ‘कफ’ असे लिहिलेले असते. दहा-बारा प्रश्नांची उत्तरे भरावयाची, केस कोरडे की तेलकट, राग लवकर येतो की उशिरा, आणि मग कळते की तुमची प्रकृती अमुक. त्या दिवसापासून बाई तोच डबा बारा महिने आणते. यात एक गोम आहे, ती मामंजी फार चांगली सांगत. ते म्हणत, प्रकृती जन्माची असते, पण औषध आजच्या बिघाडाला द्यावयाचे असते. अंगाने वाळकी, बडबडी, वातप्रकृतीची मुलगी आज श्रावणातल्या पावसात भिजून आली आणि छातीत कफ भरला, तर आज तिला कफाचाच उपाय हवा. कपाट उघडून ‘वाता’चा डबा काढला तर तो आजच्या उपयोगाचा नाही.

मग आजचा बिघाड ओळखावयाचा कसा? फार खोलात आपण जाऊ नये. तो वैद्यांचा प्रांत. पण आयुर्वेदाने एक साधा नियम सांगितला आहे आणि तो घरातल्या बाईला स्वयंपाकामुळे आधीच येतो. सारख्याने सारखे वाढते आणि उलट गुणाने ते कमी होते. भाजीत तिखट जास्त झाले तर आपण वर मिरपूड घालीत नाही. दही, खोबरे, गूळ घालतो. तसेच हे. वात हा कोरडा, थंड, हलका आणि चंचल. त्याला ऊब आणि स्निग्धपणा द्यावा. पित्त हे उष्ण, तीक्ष्ण, पातळ. त्याला थंड, गोड, थोडे कडू द्यावे. कफ जड, थंड, चिकट, मंद. त्याला तिखट, कडू, हलके आणि उष्ण असे द्यावे. चहाच्या पातेल्यात काय पडावे याचे उत्तर बहुतेक वेळा एवढ्यावरच निघते.

खोकल्याचेच पाहा. दुकानात सर्वांत जास्त चौकशी खोकल्याची होते. छाती भरली आहे, पांढरा दाट कफ पडतो, जिभेवर साय धरल्यासारखा थर आहे, भूक नाही. येथे सुंठ, मिरी, तुळस, गवती चहा ही मंडळी कामाची. दुसरा खोकला कोरडा, ढांस लागते, रात्री उबळ येऊन बरगड्या दुखतात, कफाचे नाव नाही. येथे मिरीने घसा आणखी सोलतो. त्याला काळ्या मनुका, जरासे ज्येष्ठमध, आणि जोडीला तूप. तिसऱ्या खोकल्यात कफ पिवळा, घशाशी आग, तोंड कडू; त्याला अडुळसा. अडुळसा कडू आणि थंड आहे, हे ऐकून बायांना नवल वाटते, कारण ‘खोकला म्हणजे गरम काहीतरी’ असे डोक्यात पक्के बसलेले असते. तिन्ही खोकल्यांना नाव एक, पण पातेली तीन. आणि खोकल्यातून रक्त पडले, धाप लागली किंवा दोन आठवडे खोकला हटला नाही, तर पातेले बाजूला ठेवून थेट डॉक्टरकडे जावयाचे. क्षयाची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते.

माणसानंतर ऋतू. आपल्या पूर्वजांनी हे फार बारकाईने पाहिलेले दिसते. पावसाळ्यात भूक मंदावते आणि वात उसळतो. म्हणून तेव्हा आले-गवती चहा अंगी लागतो. पण त्याच पावसाळ्यात पित्त आत साठत राहते आणि शरद ऋतूत, पाऊस जाऊन ऊन तापले की, वर येते. ज्याला आपण ‘ऑक्टोबर हीट’ म्हणतो तो हा पित्ताचा काळ. हिवाळ्यात साठलेला कफ तसाच वसंतात वितळतो, म्हणून फाल्गुन-चैत्रात सर्दीपडसे. आता गंमत अशी की, पावसाळ्यात लागलेली आल्याची सवय आपण आश्विनातही सोडीत नाही. सोळाव्या शतकातल्या भावमिश्रांनी ‘भावप्रकाशा’त आल्याचे पुष्कळ गुण सांगितले, आणि लगेच हेही सांगून ठेवले की ग्रीष्मात आणि शरदात ते चांगले नव्हे, रक्तपित्त असेल, अंगाचा दाह होत असेल तेव्हाही नव्हे. आल्याची स्तुती सगळ्यांना पाठ असते, पण हे पुढचे वाक्य फारसे कोणी सांगत नाही.

२०२० सालची हकीगत तुम्हांला आठवत असेलच. २५ मार्चला, ऐन गुढीपाडव्याच्या दिवशी, टाळेबंदी सुरू झाली. त्या दिवसांत आयुष मंत्रालयाने काढा सांगितला. तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन, मिरी एक भाग. भरड करून तीन ग्रॅम, दीडशे मिलिलिटर उकळत्या पाण्यात, दिवसातून एकदा किंवा दोनदा. प्रमाण पाहा, मिरी किती थोडी! चवीला मनुका, गूळ, लिंबू चालेल असेही सांगितले होते. पण दुकानाच्या फळीशी दोरी बांधून उभ्या राहिलेल्या बाया मला सांगत, “आम्ही चार वेळा घेतो, आणि मिरी जरा जास्तच टाकतो, म्हणजे लागू पडेल.” दिवस वैशाखाचे, ऊन डोक्यावर, घरात पंख्याखाली पाच माणसे कोंडलेली, आणि वर हा जाळ. मे महिन्यात त्याच बाया ज्येष्ठमध, गुलकंद, सब्जा, वाळा विचारीत आल्या. कुणाच्या तोंडात फोड, कुणाच्या लघवीला आग, एकीच्या मुलाचा घुळणा फुटलेला. भीतीने माणूस प्रमाण विसरते, त्यात त्या बायांना दोष देण्यात अर्थ नाही. मंत्रालयानेही तो काढा करोनावरचे औषध म्हणून सांगितलेला नव्हता, एवढे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे.

आता करण्याच्या रीतीविषयी. सगळे काही पातेल्यात टाकून उकळ उकळ उकळावे असे शास्त्र सांगत नाही. ‘शार्ङ्गधरसंहिते’त तीन रीती वेगळ्या दिल्या आहेत. मुळे, साली, खोडे अशा कठीण वस्तूंचा काढा. भरड एक भाग, पाणी सोळा भाग, आणि मंद आचेवर आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवावयाचे. हे औषधाचे प्रमाण झाले. रोज कपभर पिण्याकरिता एवढे दाट करण्याचे कारण नाही. पाने-फुले नाजूक, त्यांचा फांट करावा, म्हणजे उकळते पाणी वर ओतून झाकून ठेवावयाचे व गाळावयाचे. तुळस, गवती चहा, पुदिना यांचा वास म्हणजेच त्यांचे सत्त्व. ते वीस मिनिटे उघड्यावर उकळले तर सगळा घमघमाट स्वयंपाकघराला मिळतो आणि कपात कडवट पाणी उरते. तिसरी रीत हिमाची. भरड थंड पाण्यात रात्रभर भिजत घालावी, सकाळी कुसकरून गाळावी. शार्ङ्गधरात धन्याचा हिम खडीसाखर घालून सकाळी प्यावयास सांगितला आहे, तो आतल्या आगीवर आणि तहानेवर. चमचाभर धने, पेलाभर पाणी, विस्तवाचे काम नाही. इतका स्वस्त उपाय आहे म्हणूनच बहुधा कोणी करीत नाही. माझा अनुभव असा की, औषध महाग असल्याशिवाय बायांचा त्यावर विश्वास बसत नाही!

मधाचे एक सांगून ठेवते. उकळत्या काढ्यात मध घालू नये. आयुर्वेदाला तापवलेला मध मान्य नाही. कोमट झाल्यावर घालावा. आणि ज्यांना मधुमेह आहे त्यांनी मध, गूळ, खडीसाखर ही तिन्ही साखरच समजावी. ‘गूळ चालतो’ असे कोणी सांगितले तर ऐकू नये.

तोल म्हणजे काय ते समजण्यासाठी एक जुना पाठ सांगते. तापात तहान फार लागते तेव्हा ‘षडंगपानीय’ देत; आमच्या दुकानात त्याच्या चिठ्ठ्या अजून येतात. त्यात नागरमोथा, पित्तपापडा, वाळा, चंदन, सुगंधी वाळा अशा पाच थंड वस्तू आणि सहावी सुंठ. मी नवीन होते तेव्हा मामंजींना विचारले होते, “एवढ्या थंडाव्यात ही सुंठ कशाला?” ते म्हणाले, “ताप उतरवायचा आहे, भूक विझवायची नाही.” थंड द्यावे, पण पोटातला अग्नी मारू नये म्हणून चिमूटभर उष्ण बरोबर. उन्हाळ्यात वाळ्याचे पाणी पिऊन ज्यांचे पोट जड होते त्यांनी त्यात थोडे जिरे टाकून पाहावे.

आता मी जरा कठोर बोलणार आहे, कारण ‘वनस्पती आहे, अपाय काय होणार?’ हे वाक्य मी रोज ऐकते. वनस्पतीत गुण आहे असे आपण म्हणतो, तर अवगुणही असणारच. ज्येष्ठमधाचे घ्या. गोड, थंड, घशाला मऊ. गायक मंडळी तोंडात धरतात. पण त्यातील ग्लिसिऱ्हायझिन नावाच्या द्रव्याने अंगात पाणी व मीठ धरून ठेवले जाते, पोटॅशियम घटते आणि रक्तदाब चढतो. आमच्या ओळखीच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. रक्तदाबाच्या गोळ्या नियमित, मीठ कमी, फिरणे रोजचे, तरी दाब उतरेना आणि पायांवर सूज. डॉक्टरांनी एका गोळीच्या दोन केल्या. एके दिवशी त्या दुकानात बसल्या असता पिशवीतून चहाची पेटी काढून म्हणाल्या, “हा मात्र फार छान आहे हो, साखर न घालता गोड लागतो. मुलगा पाठवतो. दिवसाला चार कप होतात.” मी डबा वाचला, पहिलेच नाव ज्येष्ठमधाचे. मी त्यांना तो डबाच डॉक्टरांकडे नेऊन दाखवा म्हटले. त्यांनी दाखवला, डॉक्टरांनी चहा बंद केला, रक्त तपासले, आणि काही आठवड्यांत सूज उतरून गोळीही पुन्हा एकावर आली. डॉक्टरांनी ‘काय औषधे घेता?’ असे आधी विचारलेच होते. चहा हे औषध आहे असे बाईंना वाटले नाही, म्हणून त्यांनी सांगितले नव्हते.

गुळवेलीचे तसेच. गुळवेल कडू, तापात नाणावलेली. पण करोनाच्या काळात लोक ती महिनोन्‌महिने घेत राहिले. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी असे सहा रुग्ण नोंदले की ज्यांना ती घेतल्यावर यकृताचा विकार जडला. पुढल्या वर्षी देशातल्या निरनिराळ्या रुग्णालयांतून ४३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. आयुष मंत्रालयाला पहिला निष्कर्ष मान्य झाला नाही; दुसऱ्याच जातीच्या वेलीची गल्लत झाली असावी असे त्यांचे म्हणणे. वाळलेली कांडे हातात घेऊन जाती ओळखणे किती अवघड ते मला विचारा! वाद विद्वानांनी करावा. आपण एवढेच करावे की, वैद्याच्या सांगण्यावाचून गुळवेल रोजच्या चहात घालू नये. ज्यांना यकृताचा किंवा शरीर स्वतःवरच उलटते अशा जातीचा आजार आहे त्यांनी तर नाहीच.

आणि दालचिनी. बाजारात जाड, कडक, एकाच वळणाची जी साल मिळते ती बहुधा कॅसिया असते. तिच्यात कुमारिन पुष्कळ, आणि ते रोज फार प्रमाणात पोटात गेले तर यकृताला बाधते. खरी दालचिनी पातळ, ठिसूळ, विडीसारखी अनेक पदरी गुंडाळलेली; आपल्या कोकणातही होते. थोडी महाग पडते, पण चिमटीभरच तर लागते. पोटुशा बायांनी मात्र ज्येष्ठमध, गुळवेल आणि दालचिनीचे दाट काढे विचारल्यावाचून घेऊच नयेत, आणि रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या ज्यांना चालू आहेत त्यांनी काढ्याची वस्तू न् वस्तू डॉक्टरांना सांगावी.

येथे कोणी विचारील, बाई, वात-पित्त-कफ यंत्रावर मोजता येतात का? नाही येत. रक्ताच्या तपासणीत साखर दिसते तसे पित्त दिसत नाही. मी त्यांच्याकडे पाहण्याची एक जुनी, कसलेली रीत म्हणून पाहते. ती मला समोरच्या माणसाला चार प्रश्न विचारावयास लावते, हा तिचा मोठा उपयोग. तपासणीचे काम तपासणीने करावे.

शेवटी त्या उरलेल्या काढ्याविषयी, म्हणजे आपल्याविषयी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९ ते २१ च्या पाहणीत, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी निम्म्याहून अधिक, शंभरात ५४, रक्तक्षयाच्या निघाल्या. जेवणाबरोबर घेतलेला चहा अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. तुरट चवीच्या वनस्पतींचेही थोडेफार तसेच. तेव्हा जेवण आणि चहा यांत निदान तासाभराचे अंतर असावे. आणि ज्यांची पाळी जाण्याचे दिवस आहेत, अंगातून वाफा निघतात, रात्री घाम येतो, त्यांनी दिवसभर आल्याचा चहा पिऊन वर ‘मला हल्ली काय होते कळत नाही’ म्हणू नये. आले महिनाभर बंद करून पाहावे. धन्याचा हिम, वाळा, उपळसरी, बडीशेप यांपैकी जे रुचेल ते घ्यावे. घरातल्या इतरांच्या पातेल्याशेजारी आपले एक लहान पातेले ठेवावयास लाज कसली? सासूबाई म्हणतील, ही थेरे कुठली? म्हणू द्या. त्यांनाही त्यांचे वेगळे करून दिलेत, तर मग नाही म्हणणार.

माझी वेळ संपत आली. चिटणीसबाई घड्याळाकडे पाहू लागल्या आहेत. आज आश्विनातली दुपार आहे, बाहेर ऊन तुम्ही पाहतच आहात, म्हणून अल्पोपाहाराबरोबर नेहमीचा आल्याचा चहा न ठेवता काल रात्री भिजत घातलेला धने-वाळ्याचा हिम आणला आहे. डावीकडच्या पिंपात खडीसाखर घातलेला, उजवीकडच्यात बिनसाखरेचा. खिडकीजवळ ज्या दोघी-तिघी मघापासून शिंकत आहेत, त्यांच्यासाठी गवती चहा आणि तुळशीची किटली वेगळी झाकून ठेवली आहे. ती इतरांनी संपवू नये.